बाळाचे पहिले फुलपात्र

घरात बाळ आले की भेटींचा ओघ सुरू होतो. मामाकडून चांदीची वाटी आणि चमचा येतो, आत्याकडून नाव कोरलेले फुलपात्र येते, शेजारच्या दुकानातून रंगीत झाकणाचा सिपर येतो, परगावच्या नातलगांकडून दुहेरी पत्र्याची बाटली येते. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत कपाटात पाण्यादुधाची पाच-सहा भांडी जमलेली असतात. त्यांपैकी बाळाच्या ओठाला रोज कोणते लागावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. जे हाताशी येईल ते भरले जाते आणि बाळाच्या हाती दिले जाते. माल घेताना वजन, कस आणि बिल तीन-तीनदा पाहणाऱ्या आपल्या घरांत या एका वस्तूची पारख तेवढी राहून जाते.

विषय वरवर किरकोळ वाटेल. परंतु पिण्याच्या भांड्याचा मुलाच्या यकृताशी, दातांशी, रक्ताशी आणि भुकेशी किती जवळचा संबंध असतो, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे.

पुण्याने दिलेला धडा

सुमारे पन्नास वर्षांपूर्वी भारतात लहान मुलांच्या यकृताचा एक आजार बालरोगतज्ज्ञांना चांगलाच परिचित होता. सहा महिने ते पाच वर्षे या वयातील मुलाचे पोट फुगू लागे, यकृत हाताला कठीण लागे, पुढे कावीळ होई आणि बहुतेक मुले काही महिन्यांत दगावत. वैद्यकीय ग्रंथांत या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्होसिस’ असेच नाव पडले होते. एकाच घरातील दोन-दोन भावंडे त्याला बळी पडत, त्यामुळे तो घराण्याचा दोष मानला जाई.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित आणि इंग्लंडमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या आहाराचा इतिहास बारकाईने तपासला. आजारी मुलांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण कितीतरी अधिक आढळत होते. हे तांबे आले कोठून, याचा माग घेता तो स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत पोचला. आजारी मुलांना लहानपणीच गाईम्हशीचे वरचे दूध सुरू झालेले होते आणि ते दूध तांब्यापितळेच्या भांड्यांत तापवले व ठेवले जात होते. हा अभ्यास १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की ते कळकते, हे आपल्या आजी-पणजींना पक्के ठाऊक होते. कळकलेल्या ताकाची चव आणि रंग बदलतो, त्यामुळे ते टाकून दिले जाई. दूध मात्र तसे कळून येत नाही. दुधातील केसिन नावाचे प्रथिन तांबे धरून ठेवते आणि दूध दिसायला पूर्ववत शुभ्रच राहते. पारखी नजरेलाही जे दिसले नाही, ते बाळाच्या यकृतात साठत गेले.

काही मुलांच्या शरीरात तांबे साठण्याचा आनुवंशिक कल असावा, असेही अभ्यासक मानतात. परंतु भांडी बदलण्याचा सल्ला घरोघरी पोचला, पितळेची जागा स्टीलने घेतली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. कोणत्याही नव्या औषधापेक्षा एका साध्या भांड्याने अधिक मुले वाचवली, असे म्हणता येईल.

आज तांब्याच्या बाटल्या आणि पेले पुन्हा आवडीने विकत घेतले जातात. मोठ्या माणसांनी त्यांतून साधे पाणी पिण्याबाबत येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु बाळाचे दूध, ताक, लिंबाचे सरबत किंवा फळांचा रस तांब्यापितळेच्या भांड्यात कधीही ओतू नये आणि बाळाच्या रोजच्या वापरासाठी ते भांडे निवडू नये, हा पुण्याचा धडा विसरता कामा नये.

धातूची पारख

रोजच्या वापरासाठी सर्वांत निर्धोक भांडे स्टीलचे. त्यातही ‘३०४’ दर्जाचे स्टील उत्तम. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, म्हणून बाजारात त्याला ‘अठरा-आठ’ असेही म्हणतात. स्वस्त भांड्यांत पुष्कळदा ‘२०२’ सारखे २०० मालिकेतील स्टील वापरतात. त्यात निकेल कमी आणि मँगनीज अधिक असते. मीठ व आंबट पदार्थांनी ते लवकर डाग व गंज धरते.

अनेक ग्राहक लोहचुंबक लावून स्टीलची परीक्षा करतात. चुंबक चिकटला नाही म्हणजे माल अस्सल, अशी समजूत आहे. ती अपुरी आहे. ३०४ प्रमाणेच २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. तेव्हा या परीक्षेने दोहोंतील फरक कळत नाही. स्टीलच्या भांड्यांसाठी ‘आयएस १४७५६’ हे भारतीय मानक आहे आणि या भांड्यांवर आयएसआय चिन्ह अनिवार्य करणारा आदेश केंद्र सरकारने २०२४ मध्ये काढला. भांड्याच्या बुडाशी ते चिन्ह पाहावे आणि बिलावर स्टीलचा दर्जा लिहून मागावा. जो दुकानदार दर्जा लिहून देण्यास कचरतो, त्याच्या मालाविषयी ग्राहकाने आपला निष्कर्ष काढावा.

चांदीचे फुलपात्र ही आपल्याकडील मायेची भेट. शुद्ध चांदीचे भांडे पाण्यासाठी व दुधासाठी चालते. हवेतील गंधकाने ते काळवंडते, त्यात भय नाही. दोन गोष्टी मात्र सराफाला विचाराव्यात. पहिली, चांदीचा कस. ९९९ आणि ९२५ यांत फरक आहे, कारण ९२५ कसाच्या चांदीत हजारात ७५ भाग अन्य धातू असतो आणि तो बहुधा तांबेच असतो. दुसरी, सांध्याचा डाख. कान, नळी किंवा बैठक जोडताना वापरलेल्या डाखात कॅडमियमसारखा घातक धातू नाही ना, याची खात्री करून घ्यावी. सर्वांत चांगले ते एका पत्र्यातून घडवलेले, कोठेही सांधा नसलेले भांडे. चांदीत जंतुनाशक गुण आहे, हे खरे. परंतु तो पाणी गाळण्या-उकळण्याला किंवा भांडे धुण्याला पर्याय होऊ शकत नाही.

बोंडल्याविषयीही दोन शब्द. नळीचे ते लहानसे भांडे आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या वापरले गेले. तान्ह्या बाळाला वरचे दूध देण्याची वेळ आलीच, तर बाटलीपेक्षा ते बरे. परंतु जुने पितळी बोंडले माळ्यावरच असू द्यावे. आणि चांदीचे असल्यास नळीच्या आतून ते नीट स्वच्छ होते का, हे आधी पाहावे.

प्लास्टिक आणि उकळलेले पाणी

आपल्या बहुतेक घरांत पाणी गाळून, उकळून पिण्याची रीत आहे. बाळासाठी बालरोगतज्ज्ञही हाच सल्ला देतात. अडचण येते ती हे पाणी गरम असतानाच प्लास्टिकच्या भांड्यात ओतल्यामुळे.

पूर्वी दुधाच्या कडक, पारदर्शक बाटल्या पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या बनत. त्यातून बिस्फेनॉल-ए हे रसायन अन्नात उतरते आणि ते शरीरातील संप्रेरकांसारखे वागू शकते, असे आढळल्यावर जगभर चिंता वाढली. अमेरिकेने २०१२ मध्ये बाळाच्या बाटल्या आणि सिपर यांत त्याचा वापर थांबवला. भारतीय मानक ब्युरोनेही २०१५ च्या मानकात दुधाच्या बाटल्यांसाठी ते वर्ज्य केले. म्हणून वेष्टनावर ‘बीपीए फ्री’ लिहिलेले असते. ते लिहिलेले असावेच. परंतु तेवढ्यावर समाधान मानू नये.

आजच्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. बुडाशी त्रिकोणात ५ हा अंक असतो. हे प्लास्टिक तुलनेने सुरक्षित मानले जाते. तरीही डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिले की, अशा बाटल्यांत गरम पाण्याने दूध तयार केले असता दर लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म प्लास्टिककण त्यात मिसळू शकतात आणि पाणी जितके गरम तितके कण अधिक. या कणांचा मुलाच्या प्रकृतीवर नेमका काय परिणाम होतो, हे विज्ञानाने अजून ठरवलेले नाही. परंतु टाळणे इतके सोपे असताना ठरण्याची वाट कशाला पाहावी? उकळलेले पाणी स्टीलच्या भांड्यात पूर्ण निवू द्यावे आणि मगच बाळाच्या पेल्यात ओतावे. प्लास्टिकचा पेला वापरावयाचाच असेल तर त्यात गरम दूध घालू नये, तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये आणि ओरखडे पडताच बदलावा. त्रिकोणात ३, ६ किंवा ७ हे अंक असतील किंवा कोणताच अंक नसेल, तर ते भांडे बाळासाठी घेऊच नये.

दुहेरी पत्र्याच्या, उष्णता टिकवणाऱ्या बाटलीबाबत एक वेगळीच सावधगिरी हवी. साध्या स्टीलच्या फुलपात्रात गरम दूध असेल तर ते हाताला चटका देते. दुहेरी पत्र्याची बाटली बाहेरून गार लागते आणि आतील दूध बाळाची जीभ पोळते. प्रवासात तिचा उपयोग जरूर करावा, परंतु तिच्यातून थेट पाजू नये.

सिपर कोणाच्या सोयीचा?

न सांडणारा सिपर हा गेल्या चाळीस-एक वर्षांतील शोध. रिचर्ड बेलांजर या अमेरिकन यांत्रिक अभियंत्याने आपल्या लहान मुलाची सांडलवंड पुसून कंटाळून १९८० च्या दशकात झडप असलेला पेला बनवला आणि पुढे तो मोठ्या प्रमाणावर विकला जाऊ लागला. म्हणजे या वस्तूचा मूळ हेतू घर कोरडे ठेवणे हा होता. मुलाचे तोंड, दात किंवा पिण्याचे कौशल्य यांचा विचार त्यात नव्हता, आणि त्याच्या मर्यादा येथूनच सुरू होतात.

पहिली मर्यादा शिकण्याची. झडपेच्या सिपरमधून पाणी यावे म्हणून मुलाला ते बाटलीप्रमाणेच चोखावे लागते. चोखणे मुलाला जन्मतःच येते. काठाला ओठ लावून घोट घेणे, तो तोंडात सावरणे आणि गिळणे हे मात्र शिकावे लागते. सिपर वर्षभर हाती राहिला तर हे शिक्षण वर्षभर लांबते.

दुसरी मर्यादा दातांची. बाटली किंवा सिपर सांडत नाही, म्हणून तो मुलाच्या हाती दिवसभर राहतो, रात्री अंथरुणातही जातो. दूध, सरबत किंवा साखरपाणी थोडे थोडे करून सतत दातांवर येत राहते. तोंडातील जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि झोपेत लाळ कमी सुटत असल्याने ते धुऊन जात नाही. वरचे पुढचे दात आधी किडतात; पांढरे चट्टे, मग तपकिरी खड्डे अशी ती वाटचाल असते. ‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असे म्हणून चालत नाही. ते कायमच्या दातांची जागा राखतात, आणि दुखऱ्या दातांचे मूल चावायचे टाळते व पातळ पदार्थांवरच राहते.

तिसरी मर्यादा इजेची. बाटली, सिपर किंवा चोखणी यांमुळे जखमी होऊन १९९१ ते २०१० या वीस वर्षांत अमेरिकेतील तातडीच्या उपचार विभागांत आणलेल्या तीन वर्षांखालील मुलांची संख्या एका अभ्यासाने सुमारे ४५ हजार काढली. बहुतेक मुले ती वस्तू तोंडात धरून चालताना पडली होती आणि जखमा मुख्यतः तोंडाच्या होत्या. नुकते चालू लागलेले मूल पडणारच. पडताना त्याच्या तोंडात कठीण नळी नसावी, एवढे आपल्या हाती आहे.

चौथी मर्यादा स्वच्छतेची. झडप, वळणदार नळी, रबरी कडे यांच्या आतल्या भागात दुधाचा थर राहतो. उष्टे दूध-पाणी तसेच पडू देऊ नये, हा आपल्या घरांतील दंडक जीवदयेतून आला. डॉक्टर तोच दंडक जंतुसंसर्ग आणि जुलाब यांच्या भीतीने सांगतात. ज्या भांड्याचा प्रत्येक कोपरा बोटाने घासता येतो आणि डोळ्यांनी पाहता येतो, ते भांडे या दंडकाला उतरते. सिपर बहुधा उतरत नाही.

प्रवासात किंवा गाडीत सिपर वा नळीचा पेला वापरण्यास हरकत नाही. त्यात केवळ पाणी असावे, प्रत्येक भाग सुटा करून धुता यावा आणि घरी पोचताच तो बाजूला ठेवावा.

दुधाचा हिशेब

एकत्र कुटुंबात बाळाला माया करणारे हात पुष्कळ असतात. सकाळी आजी बाटली भरते, दुपारी काकू भरते, दुकानातून परतलेले आजोबा ‘पोर भुकेले दिसते’ म्हणून पुन्हा भरावयास सांगतात. दिवसअखेर मुलाच्या पोटात किती दूध गेले, हे कोणालाच ठाऊक नसते. आणि मग त्याच घरात ‘मूल जेवतच नाही’ ही तक्रारही असते.

एक वर्षानंतर मुलाला दिवसाकाठी साधारण अर्धा लिटर दूध पुरते. त्याहून फार अधिक गेले तर भूक मरते. दुधात लोह अत्यल्प असते आणि त्यातील कॅल्शियम इतर अन्नातील लोहाच्या शोषणातही अडथळा आणते. शाकाहारी घरात लोह डाळी, नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या यांतूनच येते आणि वनस्पतींतील लोह शरीरात आधीच कमी मुरते. अशा वेळी पोटातील जागा दुधाने अडवणे आपल्याला परवडणारे नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या अहवालानुसार भारतातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७.१ टक्के मुलांत रक्ताल्पता आढळली; महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. ही केवळ गरिबांच्या वस्तीतील गोष्ट नाही. भरल्या घरातील दूधपिते मूलही गुबगुबीत दिसत असता रक्ताने कमी असू शकते.

येथे लहान फुलपात्र चोख हिशेबनीसाचे काम करते. घरातील फुलपात्रात किती मिलिलिटर मावते, ते औषधाच्या मापाने एकदा मोजून घ्यावे. १०० मिलिलिटरचे असेल तर दिवसाला पाच फुलपात्रे, एवढे सर्वांना सांगून ठेवावे. बाटली चोखत पडलेले मूल भुकेवाचूनही पीत राहते; फुलपात्राने पिणारे मूल पोट भरताच तोंड फिरवते.

शिकवावे कसे

पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणीही नको. सहा महिन्यांनंतर, पूरक आहाराबरोबर, फुलपात्राची ओळख करून द्यावी. आईचे दूध त्यानंतरही दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून अधिक चालू ठेवावे. गाईम्हशीचे दूध मुख्य पेय म्हणून वर्ष पुरे होण्यापूर्वी देऊ नये.

फुलपात्र लहान असावे, बूड रुंद असावे, काठ बाहेरच्या बाजूस गोल वळवलेला असावा आणि बाळाच्या दोन तळहातांत ते मावावे. आरंभी त्यात दोन घोटच पाणी घ्यावे. बाळाला ताठ बसवावे. आडवे करून कधीही पाजू नये. काठ खालच्या ओठावर अलगद टेकवावा आणि पाणी ओठाला लागेपर्यंतच फुलपात्र कलते करावे. पाणी तोंडात ओतू नये. बाळाला ते स्वतः ओढू द्यावे. एक घोट झाला की थांबावे. ठसका लागला तर भांडे दूर करून त्याला शांत होऊ द्यावे.

पहिले काही आठवडे पाणी अंगावर सांडेल. गळ्याला लाळेरे बांधावे, खाली सतरंजीऐवजी फरशी असावी आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांडल्याबद्दल आईला बोल लावू नये. सांडता सांडताच मूल शिकते.

बाटलीची सवय लागलेली असेल, तर ती एक वर्षाच्या सुमारास कमी करू लागावी आणि दीड वर्षापर्यंत पूर्ण सोडवावी. दुपारची बाटली प्रथम बंद करावी, रात्रीची शेवटी. रात्रीचे दूध झोपण्यापूर्वी फुलपात्राने द्यावे, मग दात पुसावेत, आणि त्यानंतर गोष्ट किंवा स्तवन. चार-सहा रात्री रडण्याच्या जातील. त्या काळात घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा. आईने नाही म्हटलेली बाटली आजीने लपवून दिली तर सारे श्रम वाया जातात.

आपण विक्रेतेही आहोत

आपल्या समाजातील अनेकांची भांड्यांची, औषधांची, सराफीची, किराण्याची दुकाने आहेत. त्यांच्यासाठी एक सूचना. १९९२ च्या आणि २००३ मध्ये अधिक कडक केलेल्या कायद्यानुसार दुधाच्या बाटल्यांची आणि दोन वर्षांखालील बाळांच्या दूधपर्यायांची जाहिरात करण्यास, त्यांचे नमुने वाटण्यास किंवा त्यांच्या विक्रीसाठी भेटवस्तू देण्यास मनाई आहे. सणाच्या योजनेत ‘खरेदीवर बाळाची बाटली मोफत’ असा फलक लावणे म्हणूनच कायद्याच्या विरुद्ध ठरेल. त्याऐवजी बारशाच्या, उष्टावणाच्या भेटींसाठी वळवलेल्या काठाची, दर्जा कोरलेली लहान फुलपात्रे दुकानात ठेवता येतील. मागावयास आलेल्या तरुण आईला दोन शब्द समजावून सांगता येतील. असा विक्रेता तिच्या स्मरणात राहतो.

निवड करताना तीन प्रश्न पुरेत. हे भांडे कशाचे आहे? त्याचा प्रत्येक कोपरा धुता येतो का? त्यातून माझे मूल प्यावयास शिकेल का? तिन्हींना होकार देणारे भांडे सर्वांत महाग असेलच असे नाही. बहुधा ते आपल्याच मांडणीवर, मोठ्या भांड्यांच्या आड असते. ते आज खाली काढावे, स्वच्छ घासावे, त्यात दोन घोट गाळलेले, निवालेले पाणी घ्यावे आणि बाळाला मांडीवर ताठ बसवावे.